हाताने लिहिलेली नोंद

सुमन, म्हणजे माझी बायको, मला पुरतं ओळखते असं तिला वाटतं. डॉक्टरांना चुकवून खाल्लेल्या जिलब्या, भावाशी धरलेला अबोला, ऑफिसात पाठीमागे केलेल्या टिंगली, सगळं तिला ठाऊक आहे. हे एक ठाऊक नाही. तिला नाही, मुलीला नाही, रोज सकाळी ज्याच्याबरोबर चालायला जातो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की कारण दुसरंच काही आहे? जाऊ दे. कारणं द्यायला लागलो की मी लगेच सुटायला बघतो. जुनी खोड आहे ती.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट. मी तेव्हा विक्रोळीला पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात होतो, कॉम्प्युटर विभागात. तो कॉम्प्युटर म्हणजे आताच्यासारखा मांडीवर घ्यायचा नव्हे. अख्खी खोली व्यापलेली, कपाटाएवढे डबे, चपला-बूट दाराबाहेर काढायचे, आणि एसी असा की मे महिन्यात स्वेटर घालून बसायचं. कारखान्यातले कामगार म्हणायचे, ही माणसं आत देव पुजतात. आम्हालाही आतून तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मशिनचा जो मूळ प्रोग्राम, ज्याच्या जिवावर बाकीचे सगळे प्रोग्राम चालतात, त्याची देखभाल माझ्याकडे होती. 'गुप्ते म्हणजे सिस्टीमचा डॉक्टर' असं लोक म्हणायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं. इतकं आवडायचं की पुढचं सगळं त्यातूनच आलं — पण हेही कारणच झालं, नाही का? पुढे जातो.

एक गोष्ट समजावून सांगितल्याशिवाय तुम्हाला काही कळणार नाही. त्या मूळ प्रोग्राममध्ये चुका निघायच्या. बनवणारी कंपनी त्यावरच्या दुरुस्त्या टेपवर भरून पाठवायची. प्रत्येक दुरुस्तीला एक नंबर. आपण ती मशिनवर चढवायची. आणि मशिनच्या पोटातच एक यादी असायची, कुठल्या भागावर कुठली दुरुस्ती चढली आहे त्याची. आम्ही तिला वही म्हणायचो. ही वही माणसाने लिहायची नसते. दुरुस्ती चढवणारा प्रोग्राम आधी काम करतो, काम पुरं झालं की स्वतःच नोंद करतो. पुढची दुरुस्ती आली की तो आधी वही उघडून बघतो, हिच्याखाली जी हवी ती आहे ना? असेल तरच पुढे जातो. मशिन स्वतःचं पोट फाडून खात्री करत नाही. वहीवर विश्वास ठेवतं.

आता त्या वहीत हाताने लिहायची एक सोय होती. मध्येच वीज गेली, प्रोग्राम अर्ध्यावर मेला, तर खरं काम आणि नोंद यांचा मेळ घालायला. ज्या म्हाताऱ्या इंजिनिअरने मला हे काम शिकवलं तो म्हणायचा, गुप्ते, ह्या सोयीला हात लावायचा तर आधी साहेबांची सही, मग दोन माणसं समोर, आणि मग हात. नाहीतर ते कसं, बाळाला डोस न पाजता कार्डावर टिक मारल्यासारखं. बाळ तर हसतंच असतं. साथ आल्यावर कळतं.

मी टिक मारली.

आमचे मुख्य मेनन साहेब. माणूस वाईट नव्हता पण तापट. मुख्य कचेरीतून तपासणीला लोक येणार होते आणि त्यांच्याकडे यादी होती, ह्या पंधरा दुरुस्त्या चढलेल्या पाहिजेत. शुक्रवारी ते येणार. बुधवारी मेनन साहेबांनी विचारलं, "गुप्ते, हो गया क्या सब?" आणि मी म्हटलं, "झालं साहेब." झालं नव्हतं. नऊ झाल्या होत्या. पण सिस्टीमचा डॉक्टर 'अजून नाही' कसं म्हणणार? उद्या करून टाकू, असा हिशोब. दुसऱ्या दिवशी पाच चढल्या आणि पंधराव्या दुरुस्तीला टेपच वाचता येईना. दमट हवेने टेपला बुरशी धरली होती. पुसून बघितली, दुसऱ्या यंत्रावर लावून बघितली. छे. नवी टेप मागवायची तर दोन महिने.

आता साहेबांकडे जाऊन सांगायचं एवढंच होतं, साहेब, चौदा झाल्या, एक राहिली, टेप खराब आहे. एवढंच. त्यांनी पाच मिनिटं आरडाओरडा केला असता, तपासणीवाल्यांनी शेरा मारला असता, आणि संपलं असतं. टेप खराब होण्यात माझा काय दोष होता? पण मी आदल्या दिवशी 'झालं' म्हटलं होतं ना. तो एक शब्द खरा करण्यासाठी मी सोय उघडली आणि वहीत पंधरावी नोंद हाताने लिहिली. पाच मिनिटं लागली नाहीत. शुक्रवारी लोक आले, यादी बघितली, पंधराच्या पंधरा. चहा, बिस्किटं, "व्हेरी गुड गुप्ते".

तुम्ही म्हणाल, हीच ती गोष्ट? नाही हो. ही असती तर मी कधीच कुणाला तरी सांगून मोकळा झालो असतो, हसत हसत. 

नवी टेप आली. दोन महिन्यांनी, ठरल्याप्रमाणे. ती चढवायची तर आधी वहीतली खोटी नोंद काढायला हवी होती, कारण मशिन म्हणणार, ही तर आहेच. आणि मशिन अर्धा दिवस बंद ठेवायला साहेबांची परवानगी हवी. ते विचारणार, कशासाठी? मग मी काय सांगणार? मी टेप कपाटात ठेवली. सवड मिळाली की बघू. सवड काही मिळाली नाही. मशिन नीट चालत होतं. विसरलो म्हणायला आवडलं असतं, पण कपाट उघडलं की ती दिसायची. मी तिच्यापुढे दुसऱ्या टेपा रचून ठेवल्या.

प्रमिला त्याच सुमाराला आमच्याकडे लागली. वेसाव्याची. तुम्ही वर्सोवा म्हणता तेच, पण ती आणि तिची माणसं वेसावेच म्हणतात. कोळीवाड्यातली मुलगी. आई अंधेरीच्या बाजारात मासे विकायला बसायची, वडील होडीवर. बीएस्सी झाली होती, वर कॉम्प्युटरचा कोर्स. त्यांच्या गल्लीतली ऑफिसात काम करणारी पहिली मुलगी ती. वर्षभर प्रोबेशन, मग कायम. सकाळी वेसाव्याहून एक बस, अंधेरीहून घाटकोपरला दुसरी, तिथून विक्रोळीला तिसरी, आणि तरी माझ्याआधी हजर असायची. काही लोक नाकाला रुमाल लावायचं नाटक करायचे, मासळीबाजार आला म्हणायचे. मी नाही असलं काही केलं. मी सीकेपी माणूस, मला उलट बरंच, "प्रमिला, पापलेटचा काय भाव गं?" असं विचारायचो आणि तीही हसायची. बघा, किती चांगला होतो मी.

तिला काम मीच शिकवलं. हुशार होती, पण त्याहून जास्त म्हणजे काटेकोर होती. काहीही करण्याआधी बघायची, बघितलेलं वहीत लिहायची, तिच्या स्वतःच्या दोनशे पानी वहीत, आणि पुढे बरोबरची खूण करायची. मी एकदा म्हटलं, "अगं, मशिन बघतं ना सगळं. तू कशाला परत बघतेस?" तर म्हणाली, "सर, बाबा सांगतात, समुद्रावर जाताना दुसऱ्याने बांधलेली गाठ पण आपण ओढून बघायची." मला कौतुक वाटलं. मनात म्हटलंही, आपण असे नाही.

मग मी आठ दिवस रजेवर गेलो. मेहुण्याचं लग्न होतं, पेणला. मी नसताना नव्या दुरुस्तीची टेप आली, तातडीची. मेनन साहेबांनी प्रमिलाला सांगितलं, तू चढव. तिच्या प्रोबेशनचा दहावा महिना चालू होता. एकटीने केलेलं पहिलं मोठं काम.

त्या दुरुस्तीखाली कुठली दुरुस्ती आधी हवी होती, तुम्हीच ओळखा.

मशिनने वही उघडून बघितली. नोंद होती. प्रमिलाने स्वतः उघडून बघितली, गाठ ओढून बघायची ना. नोंद होती. तिने आपल्या वहीत लिहिलं, बरोबरची खूण केली आणि दुरुस्ती चढवली. जिच्यावर ती चढली ती जागाच रिकामी होती, हे तिला कोण सांगणार? मी पेणला पंगतीत आग्रह करून करून वाढत होतो.

दोन दिवस काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी मशिनमधली सुट्या भागांची यादी विस्कटली. कुठला भाग कुठल्या पंपाचा, कुठल्या रॅकवर, सगळे नंबर एकमेकांत. शाफ्ट मागितला तर वॉशर येतोय. आणि रोज जी जादा प्रत काढून ठेवायचो तीही दोन दिवस बिघडलेलीच निघालेली. जुळणीचा विभाग चार दिवस बंद पडला. कामगार घरी पाठवले. कारखान्याच्या मोठ्या साहेबाने मेनन साहेबांना उभं करून झाडलं. मी रजेवरून आलो तर दारातच त्यांनी मला धरलं, "गुप्ते, वाट लग गयी. ढूंढो किसने किया."

मला शोधायला किती वेळ लागला असेल? बूट काढून आत जाऊन खुर्चीत बसेपर्यंत. नव्या दुरुस्तीचा नंबर बघितला. तिच्याखाली माझी पंधरावीच हवी होती.

आता इथे — इथे मी नेहमी थांबतो. एकट्याने आठवत असतो तेव्हाही इथवर येऊन उठतो, पाणी पितो, खिडकी लावतो. कारण इथपर्यंत मी फक्त खोटारडा होतो. घाबरट, बढाईखोर, आळशी, काय हवं ते म्हणा, पण असली माणसं प्रत्येक ऑफिसात चार असतात. अजूनही वेळ होती. कपाटात टेप होती. मेनन साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. माझी नोकरी गेली असती? कदाचित नसतीही गेली. जुना माणूस होतो, मशिन माझ्याशिवाय चालत नव्हतं. बढती गेली असती, नाव गेलं असतं. मुलगी चौथीत होती, सुमनची नोकरी नव्हती — नाही. हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. खोडलं समजा ते.

दुपारी साडेबाराला सगळे जेवायला कॅन्टीनमध्ये गेले. प्रमिलाही गेली. जाताना म्हणाली, "सर, तुम्ही आलात बरं झालं. मला काही कळतच नाहीये. मी सगळं बघून केलं होतं. तुम्ही वही बघा ना एकदा." मी म्हटलं, "बघतो. तू जा, जेवून घे."

आणि मी वही उघडली, सोय उघडली, आणि वर्षभरापूर्वी हाताने लिहिलेली ती नोंद हाताने काढून टाकली.

कळलं का काय केलं ते? नोंद काढल्यावर वही काय सांगत होती? की खालची दुरुस्ती कधी चढलीच नव्हती, आणि तरी वरची चढवली गेली. हे एकाच प्रकारे होऊ शकतं. चढवणाऱ्याने मशिनचा इशारा धुडकावून जबरदस्ती केली तर. तशी आज्ञा देता येते. शहाणा माणूस देत नाही. म्हणजे प्रमिलाने दिली. तपासणीची यादी मुख्य कचेरीची माणसं बरोबर घेऊन गेली होती, आणि पंधरांतला हा एक नंबर वर्षभराने कुणाच्या ध्यानात असणार?

तिच्या कामाचा एक कागद राहिला होता. मशिन प्रत्येक कामाचा छापील कागद द्यायचं, लांबलचक घड्यांचा, त्यावर तिने दिलेल्या आज्ञा आणि 'आधीची दुरुस्ती सापडली' अशी ओळ. तिने तो रॅकमध्ये तारीख घालून नीट लावून ठेवला होता. मी तो काढला, चौघडी केली आणि माझ्या बॅगेत जेवणाच्या डब्याखाली घातला. मग मी जेवायलाही गेलो. त्या दिवशी कॅन्टीनला वाटाण्याची उसळ होती, मी दोन वाट्या घेतल्या.

तीन वाजता मेनन साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. पडद्यावर वही उघडली. त्यांनी विचारलं, नोंद कुठे आहे? प्रमिला वाकून बघायला लागली. वर गेली, खाली गेली, परत वर. तिचा चेहरा मी बघितला नाही, तिचं बोट बघत होतो. पडद्यावरच्या एका ओळीवरून ते पुढे सरकायचं आणि मागे यायचं.

"होती सर," ती म्हणाली. "इथेच होती. मी बघितली. हे बघा, मी लिहून ठेवलंय." आणि तिने ती दोनशे पानी वही पुढे केली.

मेनन साहेब म्हणाले, "लिखा तो है. पर तुमने वो लिखा जो तुमको देखना था." मग, "कागद कहाँ है?" ती पळत रॅककडे गेली. बराच वेळ लागला तिला. आली तेव्हा हात रिकामे होते आणि साडीचा पदर धुळीने माखला होता. सगळे खण उपसले असणार तिने.

मग मेनन साहेब माझ्याकडे वळले. "गुप्ते, ये नोंद अपने आप जा सकती है?"

मी म्हटलं, "नाही साहेब. नोंद आपोआप जात नाही."

त्या दिवशी मी बोललेलं हे एकमेव खरं वाक्य. माझ्या तोंडावर मारायला इतकं चोख वाक्य कुणाला सुचलं नसतं, आणि ते मीच बोललो. दोघांपैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही. साहेबांनी मान हलवली. प्रमिलाने माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. ती मदत मागत होती. गुप्ते सरांनी शिकवलंय, गुप्ते सर सांगतील, ही मुलगी बघितल्याशिवाय काही करत नाही म्हणून. मी चष्मा काढून पुसायला लागलो.

पुढचं ऐका, अजून आहे. कपाटातली टेप मी काढली, 'ओळखीच्या एका कारखान्यातून तातडीने आणली' म्हणून दाखवली, दोन दिवस राबून सगळं मशिन सरळ केलं. यादी परत बांधून दिली. मोठ्या साहेबाच्या सहीचं अभिनंदनाचं पत्र मिळालं मला. सुमनने ते काचेच्या कपाटात लावलं. आणि तो चोरलेला कागद? फाडून टाकायचा तर घरी आणेपर्यंत धीर झाला नाही, आणि घरी आल्यावर सुमनच म्हणाली, "बरं झालं, आणलात. फळ्यांवर घालायला कागद हवेच होते." आमच्या धंद्यातल्या सगळ्यांच्या घरी तेच कागद फळ्यांवर असायचे. तिने छापील बाजू खाली करून स्वयंपाकघरात डब्यांखाली घातला. 'आधीची दुरुस्ती सापडली' ही ओळ साखरेच्या डब्याखाली असावी, असा माझा अंदाज. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईपर्यंत मी साखर घ्यायला त्या फळीकडे गेलो नाही. सुमनला वाटलं, मी गोड सोडलं.

प्रमिलाला कायम केलं नाही. तसं पत्र आलं, 'काम समाधानकारक नाही.' शेवटच्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. मला वाटलं, आता बोलेल. बोल बाई, एकदा शिव्या दे. तुम्ही कोळणीची भाषा ऐकली असेल, मला ती तेव्हा हवी होती. ती म्हणाली, "सर, सॉरी हां. तुम्ही एवढं शिकवलंत आणि मी तुमचं नाव खराब केलं." मग म्हणाली, "मला खरंच दिसली होती नोंद. पण नसेलच ना सर? नसेल म्हणूनच नाही सापडली."

मी म्हटलं, "होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस."

मनाला लावून घेऊ नकोस! जीभ कशी झडली नाही?

अठ्ठ्याऐंशीच्या शेवटाला माझ्या बहिणीने अंधेरीत ब्लॉक घेतला. एका रविवारी तिच्याकडे जेवायला जाताना बाजारात बोंबील घ्यायला शिरलो. आणि समोर प्रमिला. पाट मांडलेला, शेजारी तिची आई, ही बोंबील निवडत होती. मी वळलोच होतो, तोवर हाक आली, "सर!" सगळ्या बाजारात ऐकू जाईल अशी. काय करणार, गेलो. ती आईला म्हणाली, "आये, हे माझे सर. गुप्ते सर."

आईने हातातला कोयता खाली ठेवला आणि म्हणाली, "माझी पोर खोटं नाय बोलत, सायेब. बारकी होती तवापासून नाय. पण आता तीच सांगते, आये, माझंच चुकलं. मग मी काय बोलू?"

प्रमिला तिला गप्प करत होती, हसत होती, पण पूर्वीसारखं नाही. तिने सांगितलं, बोरीवलीला एका कॉम्प्युटर सेंटरमध्ये मुलाखत झाली होती. त्यांनी विचारलं, आधीची नोकरी का सुटली? हिने सांगितलं, माझ्या हातून मोठी चूक झाली. दुसरीकडेही तेच. तिसरीकडे गेलीच नाही. मी म्हटलं, "अगं, असं कशाला सांगायचं?" तर म्हणते, "मग काय खोटं सांगू सर?"

मग आई गिऱ्हाईकाकडे वळली तेव्हा तिने हळूच विचारलं. "सर, मला ती ओळ अजून दिसते. मला वेड लागलं होतं का हो तेव्हा? आता काहीपण वाचलं ना, की वाटतं, नसेलच. बसचा नंबर पण शेजारच्या माणसाला विचारून घेते. औषधाच्या बाटलीवरचं पण. भाची हसते मला."

तीन हातांवर उभी होती ती. मी फक्त म्हणायचं होतं, नोंद होती गं. एवढंच. मेनन साहेब नव्हते तिथे, मोठा साहेब नव्हता, कुणी कागदावर लिहून घेत नव्हतं. नोकरी जायचा प्रश्न नव्हता. ती बाजारात कुणाला सांगणार होती आणि कोण ऐकणार होतं? इतकी सुरक्षित जागा मला परत मिळाली नसती.

मी म्हटलं, "थकवा असेल गं तेव्हा. तीन-तीन बस बदलून यायचीस तू. डोळे थकतात माणसाचे."

तिने मान हलवली. पटलं तिला. "तेच असेल," म्हणाली. आईने बोंबील बांधले, वर दोन जास्त घातले, "तुमी शिकवला ना तिला," म्हणाली. मी घेतले. बहिणीकडे ते रवा लावून तळले आणि मी खाल्ले. घशात अडकले वगैरे नाहीत. चांगले होते.

त्यानंतर मला बढती मिळाली, मग दुसरी नोकरी, मग निवृत्ती. मुलुंडच्या माझ्या घरून वेसाव्याला जायला दोन तास लागतात. इतक्या वर्षांत मला ते दोन तास सापडले नाहीत. ती आता असेल की नसेल, ठाऊक नाही. चौकशी केलेली नाही. असली तर साठीची असेल.

प्रमिलाचे डोळे थकलेले नव्हते. तिने बरोबर वाचलं होतं, बरोबर लिहिलं होतं, बरोबर खूण केली होती. नोंद होती. ती मी लिहिली होती आणि मीच काढली. हे जगात एकट्या मला माहीत होतं, तिने मला दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा मी तिला सांगितलं की तुला दिसलं ते नव्हतंच.